"ही मी नाही, ही माझी सासू": एका अतिशार्प प्रिंटचं प्रकरण

मंगळवारी रात्री साडेनऊला मामांचा फोन आला, म्हणाले अगं ते मोठं प्रिंट आलंय पण काहीतरी गडबड आहे, नक्की काय ते सांगता येत नाहीये, आई अशी दिसतच नाही. मागून आजीचा आवाज आला, "तिला सांग, ही मी नाही, ही माझी सासू दिसतेय." मी हसले, पण नंतर मामांनी त्या प्रिंटचा फोटो पाठवला आणि हसू गेलं, कारण आजी बरोबर बोलत होती. चेहऱ्यावर वीस वर्षं जास्तीची चढली होती.

आधी थोडं मागचं सांगते. आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं, वाईला, रविवारी. (हजार पौर्णिमांचा हिशोब करून बघा, साधारण ऐंशी वर्षं आणि वर दहा महिने येतात.) कार्यालयाच्या दारात लावायला आजीचा मोठा फोटो हवा होता, वीस बाय तीस इंच, मॅट पेपरवर प्रिंट काढून सनबोर्डवर चिकटवलेला. फोटो मामेभावाने काढला होता, त्याने नवीन 50 एमएमची लेन्स घेतलीय आणि सध्या घरातलं मांजर, तुळस, कुकर सगळं एफ 1.8 वर (म्हणजे लेन्सचं तोंड मोठं उघडून, मागचं सगळं धूसर) निघतंय. पण हा फोटो खरंच छान आलाय, ओसरीवर आजी बसलीय, डावीकडून खिडकीचा उजेड, मागे जुनं सागवानी दार, जांभळी पैठणी, नथ, कानाजवळ सुटलेले पांढरे केस. असा फोटो ठरवून येत नाही.

मग त्याची सासू कशी झाली? मी बुधवारी सकाळी वाईला गेले, तसंही जायचंच होतं, आणि प्रिंट ओसरीवर उजेडात ठेवून जवळून बघितलं. सोबत आजीचं पंचांग वाचायचं भिंग.

पहिली गोष्ट दिसली ती पदराची कड. जरीचा पदर उजळ, मागचं दार गडद, आणि दोघांच्या मध्ये एक पांढरी रेघ, जणू कोणीतरी आजीला कात्रीने कापून दारावर चिकटवलंय. पट्टी लावली, रेघ जवळजवळ दीड मिलिमीटर जाड. त्या रेघेला लागूनच अजून एक केसाएवढी बारीक काळी कड. दुसरी गोष्ट गालावर, नीट बघितलं तर त्वचेवर अंधूक चौकोन दिसत होते, प्रत्येक साधारण चार मिलिमीटरचा. आणि तिसरी गोष्ट म्हणजे एवढं सगळं करूनही डोळे मऊच होते, नथ मात्र टोचेल इतकी धारदार.

आता ह्या तीन खुणांवरून काय झालं असेल ते प्रिंटवरच लिहिलेलं होतं म्हणा ना. भावाच्या कॅमेऱ्याची फाईल 6000 बाय 4000 पिक्सेलची असते. ती तीस इंचावर पसरली तर इंचाला 200 पिक्सेल पडतात, म्हणजे एक पिक्सेल मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढा. त्यात तीन पिक्सेल जाडीची रेघ उमटली तरी ती अर्ध्या मिलिमीटरच्या आतच, दारातून आत येणाऱ्या पाहुण्याला दिसणारच नाही. दीड मिलिमीटर रेघ यायची तर पिक्सेलच मोठे पाहिजेत, अर्ध्या मिलिमीटरचे. म्हणजे इंचाला पन्नासएक. म्हणजे लांब बाजूला दीड हजार, सोळाशे पिक्सेल. आणि सोळाशे म्हटलं की कोणालाही कळेल फाईल कुठून फिरून आलीय. चौकोनांचंही तेच, जेपेग (फोटो साठवायचा नेहमीचा प्रकार) फाईल लहान करायला फोटोचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे करून ते दाबतो, आठ गुणिले अर्धा मिलिमीटर, चार मिलिमीटर.

भावाला विचारलं, "व्हॉट्सॲपवरून पाठवलास ना?" तो म्हणाला, "तुला कसं कळलं?" मी पट्टी दाखवली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्याने कॅमेऱ्यात रॉ (सेन्सरने टिपलेला कच्चा माल) आणि जेपेग दोन्ही काढले होते, पैकी जेपेग फोनवर घेतला. कॅमेऱ्याच्या जेपेगला कॅमेरा स्वतःच थोडं शार्पनिंग करून देतो, ते एक झालं. तो जेपेग त्याने मामांना साधा फोटो म्हणून पाठवला, डॉक्युमेंट म्हणून नाही, त्यामुळे तो 1600 बाय 1067 झाला. मामांना डोळे जरा मऊ वाटले. मामा म्हणाले अरे जरा क्लिअर कर की. मग ह्याने तीच लहान झालेली फाईल फोनमधल्या ॲपमध्ये घेऊन शार्पनिंगची पट्टी पार शेवटपर्यंत ओढली, कारण फोनच्या छोट्या स्क्रीनवर ते भारी दिसत होतं, हे दुसरं. आणि लॅबमध्ये फाईल मोठी करताना तिथलं ऑटो शार्पन चालू होतं, तिसरं, ती केसाएवढी काळी कड त्याचीच. मी लॅबवाल्या दादांना फोन केला तर ते प्रामाणिकपणे म्हणाले, "मॅडम, सगळ्यांना कडक पाहिजे असतं, म्हणून चालूच ठेवतो." त्यांचीही चूक कशी म्हणणार, कडक मागणारे आपणच.

इथे थोडं थांबून सांगते, कारण भावालाही हेच सांगावं लागलं, शार्पनिंग नेमकं करतं काय. त्याला वाटायचं की आतमध्ये दडलेलं डिटेल सॉफ्टवेअर बाहेर काढतं. तसं नसतं हो. फोटोत नसलेलं ते काही आणत नाही, ते फक्त कडेच्या दोन बाजूंमध्ये भांडण लावून देतं. समजा पदराचा उजेड 180 आहे आणि दाराचा 60 (0 म्हणजे काळाकुट्ट, 255 म्हणजे पांढराफेक). शार्पनिंग कडेला लागून असलेला पदर 180 चा 205 करतं आणि कडेला लागून असलेलं दार 60 चं 40. कडेपासून लांब सगळं जैसे थे. आपला डोळा ही वाढलेली तफावत बघून म्हणतो, वा, काय धारदार. आणि हेच जास्त केलं की 205 चा 255 होतो, आणि पदराला चुन्याची रेघ लागते.

ह्या प्रकाराचं सगळ्यात जुनं नाव अनशार्प मास्क, आणि नाव ऐकून सगळे गोंधळतात की शार्प करायच्या टूलचं नाव अनशार्प कसं. ते डार्करूमच्या जमान्यातलं आहे. निगेटिव्हची मुद्दाम धूसर केलेली उलटी कॉपी बनवायची, ती मूळ निगेटिव्हला चिकटवून दोन्हींतून प्रिंट काढायची, धूसर कॉपी मोठमोठे उजेड-अंधार कमी करते आणि बारीक कडा उठून येतात. मास्क धूसर, म्हणून अनशार्प. सॉफ्टवेअर आजही तेच करतं, फोटोची धूसर कॉपी मनातल्या मनात बनवतं, मूळ फोटोतून वजा करतं, जो फरक उरतो तो फुगवून परत मूळ फोटोत घालतं. फोटोशॉपमध्ये तीन पट्ट्या असतात त्या ह्याच, अमाउंट म्हणजे फरक किती फुगवायचा, रेडियस म्हणजे कॉपी किती धूसर, म्हणजेच रेघ किती जाड, आणि थ्रेशोल्ड म्हणजे किती छोट्या फरकाकडे कानाडोळा करायचा. ह्यातली घातक रेडियस आहे, लोक अमाउंटला घाबरतात पण घोळ रेडियस घालते. फोनच्या ॲपमध्ये बहुतेक वेळा रेडियसची पट्टीच नसते, एकच पट्टी, आतमध्ये काय चाललंय देव जाणे.

आणि सुरकुत्यांचं काय झालं तर सुरकुती ही पण कडच आहे ना. एका बाजूला उजेड, एका बाजूला सावली. सॉफ्टवेअरला जरीचा काठ आणि आजीचं कपाळ ह्यात फरक कळत नाही, त्याने दोन्हीकडे सारखंच भांडण लावलं. खिडकीचा उजेड बाजूने होता त्यामुळे प्रत्येक सुरकुतीला आधीच सावली होती, ती काळी झाली, आणि आजीची सासू झाली.

असो. उपाय काय, तर सुदैवाने भावाने कार्ड फॉरमॅट केलं नव्हतं. रॉ फाईल होती. जेपेग आणि ती ॲपवाली फाईल मी सरळ बाजूला टाकली, कारण एकदा चुन्याची रेघ पडली की ती मागे घेता येत नाही, वरून ब्लर केलं तर धूसर रेघ मिळते एवढंच.

रॉ लाइटरूम नावाच्या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तेव्हा भाऊ म्हणाला, ही तर अजूनच मऊ दिसतेय. दिसणारच. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा किंवा निळा ह्यापैकी एकच रंग मोजतो, उरलेले दोन शेजाऱ्यांना विचारून अंदाजाने भरतात, त्या अंदाजात कडा थोड्या विरघळतात. बऱ्याच कॅमेऱ्यांत वर एक फिल्टरही असतो जो बारीक विणकामावर रंगीत लाटा दिसू नयेत म्हणून मुद्दाम किंचित धूसर करतो. म्हणून रॉ फाईलला थोडं शार्पनिंग लागतंच, ते नुकसानभरपाईचं शार्पनिंग. ब्रूस फ्रेझर म्हणून डिजिटल फोटोवर पुस्तकं लिहिणारे एक होते, त्यांनी ही तीन टप्प्यांची पद्धत लोकांच्या डोक्यात बसवली, आधी ही भरपाई, मग फोटोत जिथे नजर जायला हवी तिथे थोडं, आणि शेवटी कागदाच्या किंवा स्क्रीनच्या मापाने. आमच्याकडेही तीनदाच झालं होतं म्हणा, पण तिघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

पहिल्या टप्प्यात मी अमाउंट 40 च ठेवली, रेडियस 1.2, डिटेलची पट्टी 25 वरून 10 वर आणली कारण ती वर गेली की त्वचेचं छिद्र न् छिद्र मोजता येतं. आयएसओ (उजेड कमी असला की कॅमेऱ्यात वाढवतात तो आकडा) 1600 होता त्यामुळे सावलीत थोडी रवाळ नॉइज होती, तिला 20 च्या आसपास रिडक्शन, ह्याहून जास्त दिलं की चेहरा मेणाचा होतो आणि मग सासूऐवजी म्युझियममधला पुतळा मिळतो. आणि मग मास्किंग. ही पट्टी लोक हातच लावत नाहीत आणि मला विचाराल तर सगळ्यात कामाची तीच आहे. ऑल्ट दाबून ओढायची, फोटो काळा-पांढरा होतो, जिथे पांढरं तिथे शार्पनिंग लागणार, काळं तिथे नाही. शून्यावर सगळं पांढरं होतं. ओढत ओढत 70 पर्यंत गेले तेव्हा गाल आणि कपाळ काळं झालं, दार बहुतेक काळं, आणि पांढऱ्यात उरलं काय तर पापण्या, नथ, कुंकवाची कड, जरीचा काठ, कानाजवळचे ते सुटलेले केस. भाऊ म्हणाला, अरे हे तर आजीचं रेखाचित्र झालं. तेच पाहिजे होतं.

मग डोळे. इथे मात्र मला त्याला वाईट बातमी द्यावी लागली. 50 एमएम, एफ 1.8, अंतर सव्वा मीटर, त्याच्या कॅमेऱ्यावर सगळी मिळून चार-साडेचार सेंटिमीटर खोली शार्प येते, अर्धी फोकसच्या पुढे, अर्धी मागे. फोकस बसला होता नथीवर, चमकणारी वस्तू ना, कॅमेरा तिकडेच पळाला. डोळे नथीच्या मागे तीनएक सेंटिमीटर. म्हणजे डोळे थोडक्यात हुकले. आणि हुकलेला फोकस अनशार्प मास्कने येत नाही, कारण भांडण लावायला मुळात कड तरी हवी, तिथे कडच पसरलेली आहे. मामांना नेमके डोळेच मऊ वाटले होते आणि सगळं शार्पनिंग डोळ्यांसाठी ओढलं होतं, ते डोळ्यांना सोडून बाकी सगळ्यांना लागलं.

थोडक्यात हुकलेलं असेल तर एक वेगळा मार्ग आहे, डिकन्व्होल्यूशन. ह्यात सॉफ्टवेअर कड फुगवत नाही, ते असं धरून चालतं की एक एक ठिपका पसरून अमुक आकाराचा डाग झाला, आणि मग तो पसारा उलटा आवरायचा प्रयत्न करतं. हबल दुर्बीण 1990 साली वर गेली तेव्हा तिच्या आरशाची कड केसाच्या पन्नासाव्या भागाएवढी चुकलेली निघाली, ताऱ्यांभोवती धुकं दिसायचं, आणि 1993 च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्ती करेपर्यंत शास्त्रज्ञांनी ह्याच गणितावर बरंच काम भागवलं. त्यांना डागाचा आकार नीट माहीत होता हा त्यांचा फायदा. आपल्याला अंदाज करावा लागतो. फोटोशॉपच्या स्मार्ट शार्पनमध्ये रिमूव्हच्या पुढे लेन्स ब्लर निवडलं की ह्याच जातीचं काम होतं. मी वेगळ्या लेयरवर, म्हणजे मूळ फोटोवर ठेवलेल्या कॉपीवर केलं, रेडियस 2 पिक्सेल, अमाउंट दीडशेच्या घरात, लेयरचा ब्लेंड मोड ल्युमिनॉसिटी म्हणजे रंगाच्या कडा येणार नाहीत, आणि मग लेयर पूर्ण काळ्या मास्कने झाकून फक्त दोन बुबुळं आणि वरच्या पापण्या ब्रशने उघडल्या. हायलाइटचा फेड (उजळ भागातलं शार्पनिंग कमी करणारी पट्टी) वाढवला, कारण पांढरी रेघ डोळ्याला काळ्या रेघेपेक्षा लवकर खुपते. डावा डोळा, खिडकीकडचा, बऱ्यापैकी आला. उजवा आला नाही. तो नथीपासून अजून मागे होता, चेहरा किंचित वळलेला आहे ना. उजव्याला ओढायला गेले तर बुबुळात वळं दिसायला लागली, मग सोडून दिला. त्याऐवजी दोन्ही डोळ्यांतला खिडकीचा चमकता ठिपका अगदी थोडा उजळ केला. तेवढ्याने अर्धं काम होतं.

जरीचं एक वेगळंच. जरीच्या बारीक तारा प्रत्येक ठिकाणी उजेड परत फेकतात, तिथे आधीच आकडे 240 च्या वर असतात, शार्पन केलं की सोन्याचं मीठ होतं, पांढरे कण. मोराच्या नक्षीवर मी मास्क अर्धा बंद केला. पैठणीवाल्या मावशीला हे कळणार नाही पण पदर सोनेरी राहिला.

शेवटचा टप्पा कागदाचा. मॅट कागदावर शाई थोडी पसरते, त्यामुळे स्क्रीनवर अगदी बरोबर दिसणारा फोटो कागदावर मऊ येतो, म्हणून प्रिंटसाठी स्क्रीनवर जरा जास्त वाटेल इतकं लागतं. किती जास्त, हे स्क्रीनकडे बघून ठरवता येत नाही. माझा मॉनिटर चोवीस इंची फुल एचडी आहे, इंचाला ब्याण्णव पिक्सेल, प्रिंट इंचाला 200, म्हणजे 100 टक्क्यांवर बघितलं तर प्रिंटच्या दुपटीहून मोठं बघतेय, 50 टक्क्यांवर साधारण खरं माप. लोक 200 टक्क्यांवर झूम करून शार्पन करतात आणि मग विचारतात की प्रिंटमध्ये दिसलंच नाही.

म्हणून गुरुवारी लॅबला पूर्ण फोटो पाठवलाच नाही. डोळा, नथ आणि थोडा पदर येईल असा एक उभा तुकडा घेतला, खऱ्या मापात, त्याच्या तीन पट्ट्या एकाच आठ बाय दहाच्या शीटवर लावल्या. पहिलीला कागदासाठी वेगळं काही नाही, दुसरीला बेताचं, तिसरीला सढळ. दादांना सांगितलं तोच मॅट पेपर, ऑटो सगळं बंद, जसंच्या तसं मारा. मारलं त्यांनी, वर "मऊ येईल हां मॅडम" असा इशाराही दिला.

शीट ओसरीच्या भिंतीला लावली आणि सहा फुटांवरून सगळ्यांना विचारलं, कुठली पट्टी काय आहे ते न सांगता. मला स्वतःला दुसरी आवडेल असं वाटलं होतं, आणि हातात घेऊन बघितलं तेव्हा दुसरीच आवडली. पण भिंतीवर लावल्यावर मामी म्हणाल्या तिसरी, मामा म्हणाले तिसरी, भाऊ म्हणाला दुसरी (त्याने नुकताच मार खाल्ला होता, तो आता कशालाच हो म्हणत नव्हता). मीही लांब जाऊन बघितलं आणि मामींचं बरोबर होतं, दुसरी कागदात बुडल्यासारखी वाटत होती. सढळ पट्टीतही पांढरी रेघ नव्हती कारण रेडियस पिक्सेलभराचीच होती, पाव मिलिमीटर वगैरे, सहा फुटांवरून रेघ म्हणून दिसत नाही, नुसती धार जाणवते. तिसरी ठरली.

शनिवारी संध्याकाळी नवीन प्रिंट आलं. आजीने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं, मग विचारलं, "नथ जरा वाकडी झाली होती का गं?" झाली होती. आम्ही सगळ्यांनी पाच दिवस त्या फोटोला डोळे लावले होते आणि कोणाला दिसलं नव्हतं.

उजव्या डोळ्याबद्दल रविवारी एकही पाहुणा काही बोलला नाही. मला दिसतो, भावाला दिसतो, तो आता डोळ्यावर फोकसचा चौकोन स्वतः नेऊन ठेवतो आणि एफ 2.8 च्या खाली येत नाही, आणि पाठवायचं ते डॉक्युमेंट म्हणून पाठवतो, अगदी कुकरचा फोटोसुद्धा.

जुनं प्रिंट टाकून द्यायला आजीने नाही म्हटलं, एवढा चांगला सनबोर्ड. सध्या ते गच्चीवर आहे, चेहरा खाली, पाठीवर प्लास्टिक टाकून त्यावर पापड वाळतात. मामी म्हणाल्या असं बरं दिसत नाही, तर आजी म्हणाली, "राहू दे, तिला उन्हात बसायची सवयच होती."